अजगर कोणाच्या वळणावर?

आमच्या परभणीविषयी दोन वाक्यं प्रसिद्ध आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे पहिलं आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे दुसरं. पहिलं परभणीकर पाहुण्यांना ऐकवतात, दुसरं बदली होऊन आलेले अधिकारी एकमेकांना ऐकवतात. माझं ह्या दोन्ही वाक्यांशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते तिसऱ्याच एका वाक्याशी. ते परभणीत बोललं जातं आणि जर्मनीतही एके काळी फार मोठ्यानं बोललं गेलं. तिथे त्यापायी काय अनर्थ झाला तो इतिहासाच्या पुस्तकात आहे. ते वाक्य म्हणजे, ‘अहो, रक्तातच असतं ते!’

वकिलाचा मुलगा वकील झाला, की रक्तातच असतं. गवयाची मुलगी गायला लागली, की रक्तातच असतं. कुणाच्या दारची म्हैस चार शेर दूध जास्त द्यायला लागली, तरी रक्तच. ह्या वाक्याला पैसे पडत नाहीत, पुरावा लागत नाही, आणि बोलणारा उगीचच शहाणा दिसतो. हल्ली ह्या वाक्यानं कपडे बदलले आहेत. आमच्या पिढीत जे रक्तात होतं ते नव्या पिढीत जीन्समध्ये असतं. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा जीन्स म्हणजे केवळ पँट नव्हे एवढं मलाही ठाऊक आहे. पण वाक्य तेच, आळस तोच.

ह्या वाक्याशी माझं उघड युद्ध सुरू झालं ते एका अजगरावरून.

माझा भाचा अमेरिकेत असतो. धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. तो तिकडे गेला तेव्हा तो कुत्रा पाळील, फार तर एखादी मेम घरात आणील, अशी भीती बहिणीनं मनाशी धरली होती. त्यानं अजगर आणला. ‘बॉल पायथन’ नावाची ही जात. घाबरला की हा प्राणी वेटोळं घालून, डोकं आत खुपसून चेंडूसारखा बसतो, म्हणून बॉल. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गातली अर्धी मुलं असाच पवित्रा घेत. मूळ गाव पश्चिम आणि मध्य आफ्रिका. घाना, टोगो, बेनिन ह्या देशांतून हा प्राणी हजारोंनी परदेशी गेला, पुढे तिकडच्या लोकांनी घरीच त्याची पैदास सुरू केली. स्वभाव गरीब. विष नाही. रागही फारसा नाही. कधी कधी महिनोन् महिने जेवत नाही, आणि तरी तब्येत राखून असतो. माझी एक आत्या चातुर्मासात असंच करायची, पण ती त्याबद्दल बोलायची फार. अजगर बोलत नाही.

भाच्यानं त्याचं नाव ठेवलं बंड्या. पहिल्यांदा बहिणीनं फोनवर रडून घेतलं, मग नागपंचमीला बंड्याला दूध देतोस का म्हणून विचारलं. साप दूध पीत नाही, हे भाच्यानं सांगितल्यावर तिनं विचारलं, “मग खातो काय?” भाचा सत्यवचनी. म्हणाला, “आठवड्या-पंधरवड्यानं एक उंदीर. गोठवलेला मिळतो. फ्रीजमध्ये ठेवतो.” बहीण पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेला जाणार होती. तिनं सोबत न्यायला केलेल्या पुरणपोळ्या त्याच फ्रीजमध्ये ठेवाव्या लागणार, हे लक्षात आल्यावर तिनं जाणं एक वर्ष पुढे ढकललं.

दोन-तीन वर्षांत बंड्या वाढला. वाढला म्हणजे किती, तर भाच्यानं व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, सहा फूट दोन इंच! ह्या जातीत इतका मोठा क्वचितच असतो.’ व्हिडिओत भाचा अजगर हातात धरून कॅमेऱ्याच्या पुढे सरसावला होता. कुठलीही वस्तू कॅमेऱ्यापुढे सरसावून धरली की मोठी दिसते. आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी उमेदवारांचे फोटो असेच काढतात.

बहिणीचा फोन आला. आता तिच्या आवाजात रडं नव्हतं, चक्क कौतुक होतं. “पाहिलास का रे दादा? केवढा झालाय! मामाच्या वळणावर गेला बघ.”

मी पाच फूट चार इंच आहे आणि जेवण झाल्यावर आडवा होतो, हे खरं. माझा घेर गेल्या काही वर्षांत वाढला आहे, हेही खरं. पण माझं आणि बंड्याचं रक्ताचं नातं नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तसं नाही रे, पण घरात आल्यावर घराचं वळण लागतंच की.” गंमत पाहा. बहिणीनं विनोद केला होता, पण बरोबर बोलली ती एकटीच. बाकीचे सगळे गंभीरपणे चुकले.

संध्याकाळी स्टेशन रोडच्या कडेला आमचा निवृत्तांचा कट्टा बसतो. तिथे मी व्हिडिओ दाखवला. आमच्या कट्ट्यावर एक माजी तलाठी आहेत. सात-बारा आयुष्यभर लिहिल्यामुळे कुठल्याही गोष्टीत ते आधी मूळ मालक कोण हे पाहतात. ते व्हिडिओ पाहून म्हणाले, “खानदानी दिसायलाय. ह्याचा बाप आठ फुटी असणार बघा सर. रक्तातच असतं ते.”

वकीलसाहेब म्हणाले, “शंकाच नाही. बीज तैसे फळ.”

आणि भाच्याला तो अजगर विकणारा माणूस ह्या दोघांच्याही पुढे निघाला. त्यानं म्हणे ‘राक्षसी घराण्यातला’ म्हणून बंड्याचे दीडपट पैसे घेतले होते. म्हणजे परभणीच्या कट्ट्यावर जे वाक्य फुकट मिळतं, ते अमेरिकेत डॉलर मोजून घ्यावं लागतं. एवढाच काय तो प्रगत देशांतला फरक.

मी शिक्षक माणूस. निवृत्त झालो तरी तपासायची खोड जात नाही. मी बसलो वाचत. जे हाती लागलं ते सांगतो.

बॉल पायथनची मादी साधारण चार-पाच फुटांची, नर तीन-साडेतीन फुटांचा. सहा फुटी म्हणजे अपवाद. आता ह्या प्राण्याच्या पैदासकारांनी एक गोष्ट मात्र खरोखर रक्तातून काढून दाखवली आहे, ती म्हणजे रंग. पांढरे-पिवळे, अर्धे कोरे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचे, असे शेकडो रंगांचे अजगर त्यांनी निपजवले. त्यांतले पुष्कळ रंग एकेका जनुकाच्या फरकानं येतात. दोन विशिष्ट जनावरं एकत्र आणा, पिल्लांत किती कोणत्या रंगाची निघतील ह्याचा हिशेब आधी मांडता येतो. कोळ्याच्या नक्षीबरोबर एक दुखणंही येतं. त्या अजगरांचं डोकं डुगडुगतं, तोल जातो. ते दुखणंही पिढीजात. तरी लोक रंगासाठी पैसे मोजतात. सुंदर दिसतो ना, मग डोकं डुगडुगलं तर डुगडुगू दे, हा न्याय लग्नाच्या बाजारात आपल्याकडेही चालतो.

तेव्हा रक्तात काही नसतंच, असं माझं म्हणणं नाही. परभणीत राहून कोणी तसं म्हणेल तर त्याला भेंडी खायचा अधिकार नाही. आमच्या कृषी विद्यापीठानं १९८५ साली ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी दिली. त्या काळी पानं पिवळी पाडणारा केवडा रोग भेंडीचे मळेच्या मळे खलास करी. विद्यापीठाच्या लोकांनी खायच्या भेंडीचा तिच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर केला, रोगाला दाद न देण्याचा गुण तिच्यात आणला, आणि आमच्या गावाचं नाव देशभरातल्या भाजी मंडयांत गेलं. ते काम रक्ताचंच. पण ज्यानं ‘परभणी क्रांती’ पेरली आणि पाणीच दिलं नाही, त्याच्या वाफ्यात क्रांती झाली नाही. बियाण्याच्या पिशवीला हे ठाऊक असतं. फक्त माणसांना ठाऊक नसतं.

गोंधळ केला तो मेंडेलच्या वाटाण्यानं. पाद्रीबाबांविषयी मला आदर आहे. पण मी पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवलं, की उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा, एक गुण, एक जोडी, तीनास एक. फळ्यावर चौकोन काढला की विषय संपला. घंटा व्हायच्या आत संपणारं शास्त्र आम्हा मास्तरांना फार आवडतं. मुलं घरी जाऊन बापाकडे पाहत आणि समजत, की माणसाची उंचीही अशीच चौकोनात बसते. ती बसत नाही. २०२२ साली जगभरातल्या शास्त्रज्ञांनी सुमारे चोपन्न लाख माणसांची, बहुतेक युरोपीय वंशाच्या, तपासणी प्रसिद्ध केली. उंचीशी संबंध असलेल्या जनुकीय फरकांच्या जागा सापडल्या १२,१११! मेंडेलच्या फळ्यावर त्यांना उभं राहायलाही जागा पुरायची नाही. एकेक जागा केसभर ओढते, कोणी वर, कोणी खाली. आमच्या सहकारी पतपेढीची सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणा.

अजगराच्या आकाराचंही तसंच. रंगासारखा एका जनुकाचा तो मामला नाही. इंडोनेशियात काही लहान बेटांवर जाळीदार अजगर राहतात. त्यांचे मुख्य भूमीवरचे भाऊ जगातले सर्वांत लांब साप, पण हे बेटावरचे बुटके. त्यांना पिंजऱ्यात ठेवून पोटभर खाऊ घातलं तरी ते भावांएवढे होत नाहीत. इथे रक्ताचा हात आहे, मान्य. तलाठीसाहेबांना मी हा मुद्दा आपण होऊन दिला, कारण वादात समोरच्याला एक तरी मुद्दा द्यावा, म्हणजे तो चहाचे पैसे देतो.

पण आता माझा पुरावा ऐका. उत्तर ऑस्ट्रेलियात पाणथळ मैदानावर एक पाणअजगर राहतो. तो उंदरांवर जगतो. पाऊस जसा होईल तसे उंदीर, एका वर्षी सुकाळ, एका वर्षी दुष्काळ. म्हणजे आमचा मराठवाडाच. मॅडसन आणि शाइन ह्या दोन शास्त्रज्ञांनी हे अजगर वर्षानुवर्षं पकडले, मोजले, खुणा करून सोडले, पुन्हा पकडले, पुन्हा मोजले. २००० साली त्यांनी निष्कर्ष छापला. उंदरांच्या सुकाळात जन्मलेली पिल्लं पहिल्या वर्षी झपाट्यानं वाढली, ह्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. पुढच्या वर्षांतही ती इतरांपेक्षा जास्तच वाढत राहिली. दुष्काळात जन्मलेल्यांना नंतर तेच रान आणि तेच उंदीर मिळाले, तरी ती मागे पडली ती पडलीच. पहिल्या वर्षाची भूक जन्मभर अंगात राहिली. तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्माला येणं, असं त्यांनी ह्याला म्हटलं. सापाच्या तोंडात चमचा!

त्या मैदानावर एखादा तलाठी असता तर त्यानं मोठ्या अजगराकडे पाहून म्हटलं असतं, “खानदानी दिसायलाय.” खानदान कसलं? त्या साली पाऊस झाला होता.

हे मी कट्ट्यावर सांगितलं. तलाठीसाहेब म्हणाले, “मंग तुमच्या भाच्याचा अजगर सहा फूट दोन इंच कसा झाला ते सांगा.”

हा प्रश्न मात्र योग्य होता. मी भाच्याला विचारलं, “मोजलास कसा?” तो म्हणाला, “मामा, तो सरळ राहतच नाही. मग त्यानं टाकलेली कात मोजली.” मी डोक्याला हात लावला. कात निघताना ताणली जाते, मूळ सापापेक्षा चांगली लांब भरते. जगभर सापांच्या लांबीच्या निम्म्या थापा कातीवर आणि ताणलेल्या कातड्यावर उभ्या आहेत. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेनं तीस फुटांहून लांब जिवंत साप आणून देणाराला बक्षीस लावलं होतं. ते वाढत वाढत पन्नास हजार डॉलरांवर गेलं, आणि एकाही माणसाला मिळालं नाही. चाळीस फुटी साप पाहिलेले लोक हजारो होते. आणणारा एक नव्हता. आमच्या येलदरीच्या धरणावर सुटलेल्या माशांसारखंच ते.

भाच्यानं मग दोरा घेतला, वळणावळणानं अजगराच्या पाठीवरून नेला आणि दोरा मोजला. पाच फूट एक इंच भरला. एका दुपारीत राक्षसी घराण्याचा एक फूट एक इंच गळून पडला. आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेल्यावर दुसरा शोध लागला. बंड्या ही बाई आहे. मग पाच फूट एक इंचात काहीच आश्चर्य उरलं नाही. चांगलं खाल्लेली, न आजारलेली, खाऊनपिऊन सुखी अशी एक मध्यमवर्गीय मादी. रक्ताचा भाग शोधायचाच तर तो एवढाच, की ती मादी होती. भाचा म्हणाला, “मामा, मग आता जास्त खायला घालून वाढवू का?” डॉक्टरांनी त्याला तिथेच झापलं. भरमसाट खाऊ घातल्यानं अजगर लांब होत नाही, लठ्ठ होतो, आणि लवकर मरतो. हे वाक्य बहिणीनं मला मुद्दाम फोन करून दोनदा ऐकवलं.

आता बंड्या-प्रकरण संपवण्यापूर्वी एक सूचना. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं व्हिडिओ पाहून मला विचारलं, “सर, आपल्याकडे मिळते का असला?” बाळा, आपल्या रानातला साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आपला भारतीय अजगर तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशी जनावरांचीही २०२२च्या दुरुस्तीनंतर नोंद करावी लागते. २०२३च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन निघाले होते. तू आपला उंदीर पाळ, तो कायद्यानं आणि आपण होऊन, दोन्ही तऱ्हेनं घरात आहे.

असो. अजगराचं झालं. पण मी ज्या वाक्याशी भांडतो आहे, ते अजगरासाठी जन्माला आलेलं नाही. त्याची खरी मजा माणसांत पाहावी.

नीट लक्ष देऊन ऐका, हे वाक्य कोणाविषयी केव्हा बोललं जातं. आपला मुलगा डॉक्टर झाला, की रक्तातच होतं. आपला मुलगा नापास झाला, की संगत वाईट, पेपर अवघड, मास्तर नालायक. दुसऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला, की शिकवण्या लावल्या होत्या, डोनेशन भरलं, वशिला होता. आणि दुसऱ्याचा मुलगा नापास झाला, की रक्तातच नाही हो त्यांच्या! म्हणजे रक्त हे असं विलक्षण द्रव्य आहे, की आपल्या घरी ते फक्त वर चढतं आणि दुसऱ्याच्या घरी फक्त खाली उतरतं. चौतीस वर्षं विज्ञान शिकवून एवढा हट्टी द्रवपदार्थ मी दुसरा पाहिला नाही.

आणि हे वाक्य बोलणारा माणूस नेहमी पोटभर जेवलेला असतो. उपाशी माणूस कधी म्हणत नाही, की मी रक्तानंच बारीक आहे. त्याला कारण माहीत असतं.

आता माझंच सांगतो, म्हणजे उगीच दुसऱ्यांना नावं ठेवल्यासारखं व्हायला नको.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी गोदाकाठच्या एका गावी होतो. वर्गात एक मुलगा होता. वयाच्या मानानं इतका लहान, की पहिल्या दिवशी मी त्याला ‘बालवाडी तिकडे आहे’ म्हणून सांगितलं. आई-बाप ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की बैलगाडीत भांडीकुंडी, पाठीमागे शेळी, आणि मधे हा. पाडव्याच्या पुढेमागे परत यायचा, तो आणखी वाळून. वर्गातले धडे पाच महिने पुढे गेलेले असत. मी त्याला मागच्या बाकावर बसवलं. मागच्या बाकावरून त्याला फळा दिसत नसे, कारण पुढची मुलं उंच. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. ती आली नाही. विज्ञान शिकवत होतो ना!

एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं, “ह्याचं काय करायचं?” मी म्हणालो, “काय होणार सर? ह्यांच्या रक्तातच नाही शिक्षण. बाप बघा, आजा बघा. अंगानंही तसेच, डोक्यानंही तसेच.” मुलगा दाराशी उभा होता. खडू आणायला मीच त्याला पाठवलं होतं. त्यानं खडूची पेटी टेबलावर ठेवली आणि गेला. त्या वर्षी तो ऊसतोडीला गेला तो शाळेत परतला नाही.

मी त्याच दिवशी नंतर मेंडेल शिकवला असेल. तीनास एक.

पुढे १९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला. आधी तांदूळ वाटप, मग काही वर्षांनी शाळेतच शिजवलेली खिचडी. तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही काय काय बोललो नाही! ‘मास्तरांनी शिकवायचं का भात मोजायचा?’ ‘पोरं खायलाच येतात.’ मीही बोललो. बोलण्यात मी पुढेच असतो. पोरं खायलाच येत होती, हे अगदी खरं होतं. लहान पोरानं दुसरं कशासाठी यायला हवं होतं, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही. मोजदादीचं काम वाढलं, डाळ कधी उशिरा यायची, तांदळात खडे निघायचे, त्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण खिचडीवर हसणं ही निराळी गोष्ट होती. ते हसणं भरल्या पोटाचं होतं.

आजही महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत सुमारे पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, असं २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं आहे. पस्तीस! आता काय म्हणायचं, महाराष्ट्राचा एक तृतीयांश भाग रक्तानंच खुजा आहे? ज्यांना तसं वाटत असेल त्यांनी हॉलंडकडे पाहावं. तिथले पुरुष आज जगातल्या सर्वांत उंचांपैकी आहेत. दीडशे वर्षांपूर्वी ते युरोपातल्या बुटक्यांत मोडत. तेव्हापासून सुमारे सात इंच वाढले. दीडशे वर्षांत कोणाचं खानदान एवढं बदलत नाही. बदललं ते दूध, पाणी, दवाखाना आणि पगार. म्हणजे जे रक्तात होतं ते सगळं आधीपासूनच होतं. बाहेर यायला ताटात काही पडावं लागतं, एवढंच.

मला राग ह्या वाक्याचा येतो तो ह्यासाठी. ते चूक आहे म्हणून नव्हे. अर्धं बरोबरच आहे ते. भरल्या घरातली दोन भावंडं शेजारी उभी केली, तर त्यांच्या उंचीतला फरक बहुतांशी जनुकांचाच असणार. राग येतो कारण हे वाक्य काम संपवतं. ‘रक्तातच नाही’ म्हटलं, की खिचडी नको, बाक पुढे सरकवायला नको, पाच महिने चुकलेले धडे पुन्हा शिकवायला नकोत. मास्तर मोकळा, सरकार मोकळं, समाज मोकळा. अडकून राहतो तो एकटा, ज्याच्या हातात खडूची पेटी असते.

गेल्या वर्षी एक गृहस्थ घरी आले. ठेंगणे, अंगानं किरकोळ, केस पिकलेले. सोबत मुलगी. मुलगी बापापेक्षा चांगली वीतभर उंच, ताठ, कृषी महाविद्यालयात नुकताच प्रवेश मिळालेली. गृहस्थांनी नाव सांगितलं. मी ओळखलं, आणि क्षणभर मला खाली बसावंसं वाटलं. तो शाळेतून गेला, मुकादमाच्या हाताखाली राहिला, मग कुणाच्या ट्रॅक्टरवर, आता स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे मानवतला. ऊसतोडीला गेल्या वीस वर्षांत त्याच्या घरचं कोणी गेलेलं नाही. पेढे द्यायला आला होता. ती गोष्ट त्यानं काढली नाही. मीही काढली नाही. त्यानं काढली नाही तो त्याचा मोठेपणा, मी काढली नाही तो माझा जुना गुण.

काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलीकडे पाहिलं आणि तोंडातून निघालंच, चौतीस वर्षांची सवय,

“उंच झाली की रे! कोणावर गेली ही?”

तो हसला. म्हणाला, “कोणावर जाईल सर? जेवणावर गेली.”

मुलगीही हसली. मी पेढा तोंडात घातला, म्हणजे काही बोलायला नको.

रात्री बहिणीचा फोन आला. बंडीबाईंनी तीन आठवडे उंदराला तोंड लावलेलं नाही, भाचा काळजीत आहे. मी सांगितलं, “काळजी करू नकोस. त्या जातीत असं होतंच.” एवढं रक्ताला मीही देतो. मग फोन ठेवून कट्ट्यावर गेलो. तलाठीसाहेब कुणाच्या तरी नातवाविषयी सांगत होते, आणि मला दुरूनच ऐकू आलं, “...रक्तातच असतं हो!”

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “तलाठीसाहेब, आधी तो जेवतो काय ते सांगा.”